पाल, गुराब, गलबत : अठरा यानांच्या रंगकामाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

भाच्याबरोबर टेबलावर खेळायच्या लढाईच्या खेळासाठी छापलेली सगळी अठरा छोटी अंतराळयानं आज एकदाची टेबलावर उभी राहिली. माझी नऊ, भाच्याची नऊ. शेवटची तीन काल रात्री रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरमधून निघाली. सकाळी आयपीएत (आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये) धुतली, सपोर्ट, म्हणजे छापताना आधार देणाऱ्या काड्या, कापले, यूव्ही दिव्याखाली कडक केली. सपोर्ट जिथे चिकटले होते तिथे बारीक पुटकुळ्या राहतात, त्या पॉलिश पेपरने घासून काढल्या. प्रायमर मारल्यावर अशी एक जरी पुटकुळी राहिली तरी नजर तिथेच जाते.

माझ्या ताफ्याला मी आरमार म्हणते आणि वर्गांची नावं मराठा आरमारातली घेतली आहेत : एक पाल (नऊ सेंटिमीटर), दोन गुराबा (सहा), सहा गलबतं (साडेतीन). भाच्याचा ताफा लघुग्रहांवर खाणी चालवणाऱ्यांचा. ठोकळ्यांसारखी जाड यानं, पुढे जबडे, मागे टाक्या. नावं त्यानेच दिली : एक हत्ती, दोन रेडे, सहा मुंगळे.

रंग ठरले आहेत. माझा गेरू, त्याचा शेवाळी हिरवा. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, पण दोन दिवस उघडीप आहे. तेवढ्यात गॅलरीत राखाडी प्रायमर मारून घेतला. पुठ्ठ्याच्या खोक्यात यानं उभी करून, हातभर अंतरावरून, दोन पातळ हात.

१५ जून, रविवार

सहा गलबतं आणि सहा मुंगळे रंगवून झाले. गेरूवर तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साठणारा पातळ रंग, मग कडांना ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, फिकट नारिंगी. हिरव्यावर काळा वॉश, कडांना पोपटी. दिव्याखाली हातात धरून बघितलं की फार देखणी दिसतात. गलबताच्या पाठीवरच्या नळ्या तांदळाच्या दाण्याहून बारीक, तरी एकेक सुटी दिसते.

२१ जून, शनिवार

आज पहिला चाचणी डाव. काळं कापड अंथरलं, पारदर्शक दांड्यांवर यानं चढवली. आमच्या खेळात यानाचं तोंड कुठे आहे याला फार महत्त्व आहे. पुढच्या तोफा फक्त पुढच्या टापूत चालतात आणि मागून आलेला मारा दुप्पट लागतो. म्हणून समोरच्याचं यान कुठे वळलंय हे बसल्या जागेवरून कळायला हवं.

तिसऱ्या फेरीत भाच्याने स्वतःच्याच मुंगळ्यावर नेम धरला. मला वाटलं घाई झाली असेल. पुढच्या फेरीत त्याने मान खाली घालून दोन यानं अगदी डोळ्यांजवळ नेली, दोन्ही उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, “मावशी, यातलं तुझं कुठलं?”

मी म्हटलं, “अरे, लाल ते माझं.”

“दोन्ही मातकटच आहेत की.”

मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि ताईला हाक मारली. तेरा वर्षांचा मुलगा. चित्रकलेच्या वहीत झाडाच्या खोडाला आणि पानांना एकच रंग द्यायचा, तेव्हा आम्ही त्याला लक्ष दे म्हणून ओरडायचो. त्याचं मला आज फार वाईट वाटलं.

२८ जून, शनिवार

ताई त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ठिपक्यांतून आकडा ओळखायची ती इशिहारा चाचणी. लाल-हिरव्यातला फरक त्याला कमी दिसतो. नजर बाकी चांगली आहे. हे एक्स गुणसूत्रावरून येतं, म्हणजे मुलाला आईकडून, आणि आईला बहुधा तिच्या वडिलांकडून, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईचा फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ बाबांचा विचार करत बसले. बाबा टोमॅटो नेहमी दाबून बघून घ्यायचे. गच्चीत मिरच्या वाळत घातल्या की लाल वेगळ्या काढायचं काम कधीच करायचे नाहीत, आईला बोलवायचे. आम्हाला वाटायचं, कंटाळा करतात. बाबांचं तसंच असेल तर तो गुण माझ्यातही आलेला आहे, फक्त मला त्याचा त्रास नाही.

आता रंगांचं. मी दातांच्या लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते, अठरा वर्षं झाली. दाताची शेड जुळवताना सगळ्यात आधी बघायची ती व्हॅल्यू, म्हणजे तो दात किती उजळ किंवा किती गडद आहे ते. पिवळेपणा, तांबूसपणा नंतर. कॅपचा पिवळेपणा थोडा इकडेतिकडे झाला तर चालून जातं, व्हॅल्यू चुकली तर बोलताना समोरच्याला ती कॅप ओळखू येते. माझ्या टेबलावरचं विटा गाइड, म्हणजे दातांच्या शेडच्या नमुन्यांचा संच, ए-बी-सी-डी असं लावलेलं नाहीच, बी-वनपासून सी-फोरपर्यंत उजळ ते गडद असं लावलेलं आहे. रोज दहा वेळा मी ते हातात घेते. आणि घरी येऊन दोन ताफ्यांना असे रंग दिले, की फोनवर काळापांढरा फोटो काढला तर दोन्ही एकाच राखाडीचे!

तो फोटो मी प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवला आहे. बारा यानं, एकच राखाडी, आणि खालचं कापड त्याहून जेमतेम गडद.

५ जुलै, शनिवार

रंग उतरवला. झाकणाच्या डब्यात आयपीए, एका वेळी तीन यानं, दहा मिनिटं, मग जुना टूथब्रश. रेझिनचं यान यात तासन्‌तास ठेवायचं नाही, नाजूक भाग मऊ पडतात आणि वाकतात. तरी एका गलबताची अँटेना गेली. तिच्या जागी गिटारची जुनी तार कापून बसवली, मूळच्या अँटेनापेक्षा सरळ बसली. प्रायमर काही ठिकाणी निघाला, काही ठिकाणी नाही. निघाला तिथे पुन्हा मारणार.

पुठ्ठ्यावर पाच पट्ट्या रंगवल्या, १ म्हणजे कापडाचा काळा, ५ म्हणजे जवळजवळ पांढरा. आता रंगाचं नाव न घेता आधी आकडे ठरवायचे. आरमाराचं अंग ५, शेपूट १. खाणवाल्यांचं अंग २ करावं असं वाटत होतं, पण दोनची पट्टी काळ्या कापडावर ठेवून दोन मीटरवरून बघितली तर दिसेचना. म्हणून अंग ३, नाक ५. दोन्ही ताफ्यांत पुढची बाजू उजळ. हा नियम सगळ्यांना सारखा.

१३ जुलै, रविवार

दिवसभर पाऊस. रंगकाम बंद, वाचन केलं.

जहाज कसं रंगवायचं हे छोट्या प्रतिकृतीवर ठरवणं फार जुनं आहे. १९१७ साली जर्मन पाणबुड्या ब्रिटनची व्यापारी जहाजं धडाधड बुडवत होत्या. नॉर्मन विल्किन्सन हे समुद्रचित्रकार तेव्हा नौदलात होते. त्यांचं म्हणणं, जहाज लपवता येणार नाही, तर ते कुठल्या दिशेला चाललंय याचा अंदाज चुकवा. टॉर्पेडो आत्ताच्या जागेवर मारत नाहीत, जहाज थोड्या वेळाने जिथे पोचेल तिथे मारतात. दिशा चुकली की नेम चुकला. म्हणून सबंध जहाजावर तिरपे पट्टे, खोटी वळणं, काळ्या-पांढऱ्या-निळ्या ठिगळांची नक्षी. त्याला डॅझल म्हणत. लंडनला बर्लिंग्टन हाऊसमध्ये, रॉयल अकादमीच्या दालनांत त्यांचा विभाग होता. तिथे लाकडाची लहान जहाजं रंगवायची, फिरत्या चकतीवर ठेवायची आणि पेरिस्कोपमधून बघून तोंड कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न करायचा. ओळखायला कठीण गेलं तर नक्षी पास. या प्रतिकृती रंगवणाऱ्यांत तरुण स्त्री-चित्रकार बऱ्याच होत्या. दोन हजारांहून जास्त जहाजं अशी रंगवली गेली.

शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बाई हातात वीतभर जहाज धरून तिसऱ्या पट्ट्याला वळण द्यावं की नाही याचा विचार करत बसली होती, आणि त्या पट्ट्यावर माणसांचे जीव होते. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता आलं नाही.

संध्याकाळी अँटेना बदललेलं गलबत घेतलं आणि त्यावर डॅझल रंगवून पाहिलं. नाकापासून मागे जाणारे दोन काळे पट्टे, मधेच उलट तिरका पांढरा, शेपटीवर खोटं नाक. पोळपाटावर उभं करून फिरवलं. भाचा टेबलापलीकडे. पाच वेळा विचारलं, तोंड कुठे? तीन वेळा चुकला. मग मी त्याच्या जागी बसले आणि त्याने फिरवलं. मी दोनदा चुकले, आणि रंगवलेलं मीच होतं.

म्हणजे आम्हाला जे हवंय ते याच्या बरोब्बर उलट. विल्किन्सननी दिशा मोडण्यासाठी जे जे केलं ते आम्ही करायचं नाही : अंगावर तिरपे पट्टे नाहीत, शेपटीवर उजळ डाग नाही, दोन्ही टोकं एकसारखी नाहीत. हे डॅझलवालं गलबत मात्र तसंच ठेवणार. चोरट्या मालाचं यान म्हणून ते दोघांपैकी कुणाच्याच ताफ्यात नसेल. त्याच्या जागी आरमारासाठी एक गलबत नव्याने छापायला हवं.

२० जुलै, रविवार

आरमाराला सुरुवात. खरी रॉकेटं आणि यानं कशी रंगवली जातात ते डोक्यात ठेवून काम करायचं ठरवलं, कारण तिथे रंगाला प्रत्येक वेळी कारण असतं. सॅटर्न-५ हे चंद्रावर माणसं नेणारं ११० मीटर उंचीचं रॉकेट पांढरं, पण त्यावर काळे चौकोन आणि पट्टे. उड्डाणात ते स्वतःभोवती किती फिरतंय हे खालच्या कॅमेऱ्यांतून कळावं म्हणून ते चौकोन. माझ्या मते रॉकेटावरची इतकी सुंदर नक्षी दुसरी नाही, आणि ती निव्वळ वाचता यावं म्हणून काढलेली आहे. स्पेस शटलच्या मोठ्या टाकीला १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरा रंग दिला होता. तिसऱ्यापासून दिलाच नाही, फेसाचा नारिंगी-तपकिरी रंग तसाच ठेवला. नुसत्या रंगाचं वजन सुमारे २७० किलो वाचलं. माझी पाल रंगासकट चाळीस ग्रॅमही भरत नाही, पण हे वाचल्यापासून ब्रशवर रंग घेताना मी जास्तीचा टिपून घेते.

पांढऱ्या प्रायमरवर हस्तिदंती रंगाचे तीन पातळ हात. शुद्ध पांढरा वापरायचा नाही, त्यावर मग कडा उजळायला काहीच उरत नाही. हेही लॅबमधलंच. पॅनेलच्या रेषांत काळा वॉश घातला तर यान गिरणीतून आल्यासारखं दिसतं. पातळ केलेला करडा-तपकिरी घेतला आणि ब्रशच्या टोकाने फक्त रेषेत सोडला. थेंब रेषेला लावला की तो आपोआप खाचेतून पुढे धावत जातो, पार वळणापर्यंत. ते बघायला मला दर वेळी तितकंच आवडतं.

शेपटीचा काळा पट्टा मास्किंग टेपने. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी हस्तिदंतीच रंग फिरवायचा. टेपखाली जो शिरायचा तो त्याच रंगाचा शिरतो आणि फट बुजते, मग काळा शिरत नाही. गुराबांवर शेपटीच्या पुढे एक काळा चौकोन वरच्या बाजूला, एक डाव्या बाजूला. गलबतांवर फक्त पट्टा. वर्ग ओळखायला एवढं पुरे.

२ ऑगस्ट, शनिवार

नुकसान झालं. दोन्ही गुराबा आणि तीन गलबतं तयार होती, त्यांच्यावर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. बाहेर रिपरिप चालू होती आणि मला धीर धरवला नाही. पाच मिनिटांत सगळ्यांवर पांढुरकं धुकं आलं. हस्तिदंतीवर ते फारसं दिसत नाही, पण काळे पट्टे राखेसारखे झाले. हवेत दमटपणा एवढा असला की वार्निश वाळताना ओल धरतं आणि पांढरं पडतं. मला हे माहीत आहे, गेल्या वर्षी दोन यानांवर झालं होतं.

रात्री एका गलबतावर ब्रशने ग्लॉस वार्निश लावून बघितलं. धुकं जवळजवळ गेलं, काळा पुन्हा काळा झाला. उद्या बाकीच्यांवर. नंतर मॅट लावायचं ते ब्रशनेच, घरात, पंखा लावून. दसऱ्यापर्यंत स्प्रेचा डबा कपाटातून काढायचा नाही.

१० ऑगस्ट, रविवार

खाणवाले. भाचा दिवसभर इथेच होता आणि रंग त्यानेच निवडले. मी फक्त पट्ट्या पुढे ठेवल्या : अंग ३ मध्ये काय काय बसतं, नाक ५ मध्ये काय. त्याने निळा उचलला, मोरपिशी नाही, जरा राखाडीकडे झुकणारा. नाकाला पिवळा. निळा आणि पिवळा त्याला एकदम स्वच्छ वेगळे दिसतात. “हे दोन रंग मला कधीच गंडवत नाहीत,” म्हणाला. पिवळ्याचा खाणीशी संबंधही लागतो, मोठी यंत्रं पिवळीच असतात, हेही त्यानेच सांगितलं.

पिवळा हा फार आडमुठा रंग. निळ्यावर थेट लावला तर हिरवट होतो, पाच हात दिले तरी खालचं दिसत राहतं. जबड्यांना आधी फिकट गुलाबी लावायला सांगितलं. त्याने माझ्याकडे शंकेने पाहिलं. दोन जबडे गुलाबी करून वाळवले, एक नुसत्या राखाडी प्रायमरवर ठेवला, तिन्हींवर एकच पातळ पिवळा हात दिला. गुलाबीवरचे दोन्ही हळदीसारखे फुलून आले, राखाडीवरचा मळका. आता तो प्रत्येक जबड्याला गुलाबी लावतोय.

त्याचा हात थरथरतो, काठावर रंग बाहेर जातो. मी दुरुस्त करत नाही. त्याचा ताफा आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

चंद्रयान-३ उतरलं त्याला आज दोन वर्षं. त्या संध्याकाळी लॅबमधले आम्ही सगळे एका मोबाइलभोवती उभे होतो, कुणी बोलत नव्हतं.

म्हणून आज पालीची सोनेरी पॅनेलं. आपल्या यानांवर, मंगळयानावरसुद्धा, जो सोनेरी कागद दिसतो तो बहुतेक ठिकाणी सोन्याचा नसतो. कॅप्टॉन नावाची प्लास्टिकची फिल्म असते. तिचा मूळ रंगच मधासारखा, आणि मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर. मधातून चांदी दिसते म्हणून सोनं वाटतं. अशा फिल्मचे अनेक थर यानाभोवती गुंडाळतात, तापमान सांभाळायला.

बाटलीतला सोनेरी रंग लावून बघितला होता, लग्नपत्रिकेवरच्या अक्षरांसारखा दिसला. आज खऱ्या फिल्मसारखंच केलं. आधी चांदीचा रंग, पूर्ण वाळू दिला. त्यावर पिवळी पारदर्शक शाई, मग खाचांत थोडी तपकिरी शाई. पॅनेल मुद्दाम सुरकुतलेलं छापलं होतं, त्यामुळे उंचवट्यांवर चांदी उजळ राहिली आणि खळग्यांत शाई साठून गडद मध झाला. दिव्याखाली जरा फिरवलं की सुरकुत्यांवरून उजेड पळतो. एवढ्या सोळा मिलिमीटरच्या पॅनेलला अडीच तास लागले. या सबंध प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

फक्त पालीवरच. गुराबांवर हे करणार नाही, म्हणजे पाल ओळखायला आणखी एक खूण झाली.

२४ ऑगस्ट, रविवार

पेणला गणपती आणायला गेलो. काकांच्या ओळखीचा कारखाना. शेवटचे तीन दिवस, सगळीकडे मूर्ती, पाय ठेवायला जागा नाही. आमच्या मूर्तीची डोळ्यांची आखणी राहिली होती, समोरच केली. डोळे सगळ्यात शेवटी आणि तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाने करायचे.

मी त्यांचा हात बघत होते. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली. ब्रश धरलेली बोटं जवळजवळ हललीच नाहीत, हात करंगळीवर फिरला आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात आली, सुरुवातीला बारीक, मधे भरीव, पुन्हा बारीक. ब्रश आमच्या ट्रिपल झिरोपेक्षा बराच जाड होता. मी विचारलं, “एवढ्या जाड ब्रशने कसं जमतं?” ते म्हणाले, “टोक चांगलं पायजे ताई, पोटात रंग मावला पायजे. बारीक ब्रश मधेच सुकतो.”

खरं आहे. माझ्या रेघा मधेच तुटतात त्या म्हणूनच.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन आटोपलं, आज पुन्हा टेबल. ट्रिपल झिरो बाजूला ठेवला आणि एक नंबरचा टोकदार ब्रश घेतला. करंगळी यानाच्या दांडीवर टेकवली. पालीच्या बाजूने नाकापासून शेपटीपर्यंत जाणारी करडी रेघ पहिल्यांदाच न तुटता आली.

इंजिनांचा उजेड शेवटी ठेवला होता. आधी नोझलमध्ये आकाशी, मधोमध पांढरा, आणि मागच्या कडेवर आकाशी ड्रायब्रश असं करणार होते. एका गलबतावर केलं आणि काळापांढरा फोटो काढला. शेपूट नाकाइतकी उजळ! सगळ्यांत छान दिसणारी गोष्ट, आणि तीच दिशा मोडते. बराच वेळ ते गलबत हातात घेऊन बसले. शेवटी पांढरा काढून टाकला, नोझलच्या फक्त आतल्या भिंतीला गडद निळा ठेवला. मागून बघणाऱ्यालाच तो दिसतो.

१४ सप्टेंबर, रविवार

डाव. काळं कापड, ट्यूबलाइट, भाचा समोर. डॅझलवालं चोरटं गलबत कापडाच्या मधोमध.

मी आज त्याचे डोळे बघत होते. जूनमध्ये तो यान उचलून जवळ न्यायचा, आज एकदाही उचललं नाही. चौथ्या फेरीत माझी गुराब त्याच्या रेड्यांच्या मागे गेली, तर मी हात काढायच्या आधीच त्याने “मावशी, तू माझ्या शेपटीवर आलीस!” म्हणून दोन्ही रेडे वळवायला घेतले. हत्ती आणि रेडा लांबून सारखे वाटतात, असं त्याने मधेच सांगितलं. बरोबर आहे, उंचीत फरक आहे पण वरून बघताना उंची कळत नाही. हत्तीच्या पाठीवर आडवा हस्तिदंती पट्टा घालायचा, नाकाजवळ, शेपटीकडे नाही. तीन मिलिमीटर रुंद.

चोरट्या गलबताच्या तोंडावरून दोनदा भांडण झालं. शेवटी त्याच्या तळाला पेन्सिलीने बाण काढला.

उरलेलं : हत्तीचा पट्टा, दोन मुंगळ्यांचे जबडे (गुलाबी लागलाय, पिवळा बाकी), नव्याने छापलेल्या गलबताचा प्रायमर. तो ऊन पडल्यावर.